छपरीतील फटफटी

मोटारसायकलला मराठी माणसाने फार पूर्वीच एक नाव देऊन ठेवले आहे. ते म्हणजे फटफटी. ज्या यंत्राचे नावच त्याच्या आवाजावरून पडले, त्याचा आवाज बंद पडला म्हणजे घरातील माणसांना चुकल्याचुकल्यासारखे होते. वऱ्हाडातील खेड्यांत एके काळी हा आवाज पुष्कळदा राजदूत गाडीचा असे. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 मध्ये ही गाडी बनविण्यास आरंभ केला. तिचा मूळ आराखडा पोलंड देशातील एका गाडीचा होता. एकच सिलिंडर, 173 घनसेंटिमीटरचे इंजिन, दणकट सांगाडा आणि खाचखळग्यांना न भिणारी चाके, असा तिचा थाट. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवून गवळी तिच्यावरून शहर गाठत, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना लपेटला तरी ती कण्हत, कुंथत का होईना, पुढे सरके. पुढे धुरासंबंधीचे नियम कडक झाले, कमी पेट्रोल लागणाऱ्या नव्या गाड्या आल्या आणि राजदूत मागे पडली. आता ती रस्त्यावर क्वचितच दिसते. एखाद्या छपरीत, कडब्याच्या पेंढ्यांआड, ती धूळ खात उभी असलेली मात्र अजूनही आढळते.

नांदगाव खंडेश्वर हे अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे गाव. खंडेश्वराच्या जुन्या हेमाडपंती देवळाचे नाव या गावाच्या नावाशी जोडलेले आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरी अशीच एक राजदूत आहे, असे समजावे. घरात आजोबा आहेत. मुले त्यांना आबाजी म्हणतात. गाडी त्यांची. डोळ्यांनी नीट दिसेनासे झाल्यावर त्यांनी ती जी छपरीत लावली, ती पुन्हा बाहेर निघाली नाही. घरात तेरा वर्षांची मुलगी आहे आणि अकरा वर्षांचा तिचा भाऊ आहे. उन्हाळ्याची सुटी लागली आणि भंगारवाल्याने दारात येऊन गाडीचा भाव विचारला. भाव अर्थातच किलोवर होता. आबाजी काही बोलले नाहीत. ते उठून आत गेले. तेव्हा मुलांच्या वडिलांनी भंगारवाल्याला सांगितले, “मृग लागला की ये. तोवर ही चालली नाही, तर घेऊन जा.” मृग नक्षत्र साधारणतः 7 जूनला लागते. त्यानंतर पेरणीच्या घाईत गाडीकडे पाहण्यास कोणाला सवड मिळणार?

पहिल्या दिवशी कोणी पान्याला हात लावला नाही. मुलांना याचे नवल वाटले. गाडी उजेडात ओढून काढली, कडबा झटकला, डिझेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने वर्षांचे तेलकट किटण पुसून काढले. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले निघाले. तशीच किक मारली असती, तर धूर बाहेर पडण्यास वाटच मिळाली नसती. पुसता पुसता कोठला बोल्ट गंजला आहे, कोठली तार तुटली आहे, हे आपोआप दिसू लागले. मुलीने एक वही घेतली आणि जो भाग सुटेल त्याचे चित्र काढून त्यावर क्रमांक घालावयाचा, असे ठरविले. त्या त्या क्रमांकाच्या डब्याच्या झाकणात त्या त्या भागाचे स्क्रू आणि वायसर. यंत्र उघडणे सोपे असते. पंधरा दिवसांनी ते होते तसे जोडताना स्मरणशक्तीचा भरवसा धरू नये.

वडिलांनी दोन गोष्टी मात्र प्रथमच बजावल्या. पेट्रोलचे काम छपरीबाहेर, मोकळ्या हवेत करावयाचे. जवळ चूल, काडी, विडी काही नको. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ अधिक भयंकर असते. ती जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या विस्तवालाही गाठते. आणि इंजिन बंद खोलीत कधीही चालवावयाचे नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला ग्लानी येते, आणि ती कशामुळे आली हे त्याला कळत नाही.

इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि ऐन वेळी पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिनाला चालण्यावाचून गत्यंतर नाही. चालत नसेल तर तिहींपैकी एक तरी गोष्ट हरवली आहे.

राजदूतचे इंजिन दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक जातीचे आहे. त्याची रचना समजण्यास सायकलचा पंप डोळ्यांपुढे आणावा. पंपात जसा दट्ट्या, तसा सिलिंडरमध्ये पिस्टन. तो वर जातो तेव्हा एकाच वेळी दोन कामे होतात. त्याच्या डोक्यावरचे मिश्रण दाबले जाते, आणि त्याच्या पायाखाली जागा मोकळी झाल्यामुळे कार्बोरेटरमधून नवे मिश्रण खालच्या कोठीत ओढले जाते. पिस्टन माथ्याशी पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापून फुगलेला वायू पिस्टनला जोराने खाली लोटतो. हाच तो जोर, जो पुढे साखळीवाटे मागच्या चाकाला मिळतो. खाली येताना पिस्टन सिलिंडरच्या भिंतीतील एक खिडकी उघडी करतो. तिच्यातून धूर बाहेर जातो. लगेच दुसरी खिडकी उघडते आणि खालच्या कोठीत दाबले गेलेले ताजे मिश्रण वर चढते. दारे उघडण्यासाठी वेगळा नोकर ठेवलेला नाही. पिस्टन स्वतःच येता-जाता ती उघडतो आणि मिटतो. म्हणून हे इंजिन इतके साधे.

या साधेपणाची किंमतही आहे. खालच्या कोठीतून मिश्रण जात असल्यामुळे तेथे चार धावांच्या इंजिनाप्रमाणे तेल साठवून ठेवता येत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. अशा जुन्या गाड्यांत वीस-पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल, असे साधारण प्रमाण असे. तेही जळते, म्हणून राजदूतमागे तो ओळखीचा निळसर धूर. शिवाय थोडे ताजे मिश्रण न जळताच धुराबरोबर निसटते. धुराचे नियम आल्यावर अशा इंजिनांची पीछेहाट झाली, ती याच कारणांनी.

पिस्टनच्या दर फेऱ्याला एक ठिणगी पडावी लागते. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर सेकंदाला ठिणग्या पन्नास! मुलाने एका सेकंदात पन्नास टाळ्या वाजवून पाहण्याचा प्रयत्न केला. पाच-सहांच्या पुढे त्याची मजल गेली नाही.

दाबाची परीक्षा सर्वांत सोपी, म्हणून ती आधी घेतली. प्लग काढून त्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरला आणि किक हाताने सावकाश खाली दाबली. आतल्या हवेने अंगठा फटकन उडवून दिला. पिस्टनच्या कड्या शाबूत होत्या. आबाजी खाटेवरून म्हणाले, “जीव आहे अजून तिच्यात.”

ठिणगीसाठी छपरीचा काळोख उपयोगी पडला, कारण भर उन्हात ठिणगी दिसत नाही. टाकी आधीच काढून दूर ठेवलेली होती. प्लग टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाला टेकविले आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. ठिणगी निर्माण होते ती अशी: कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. एका वेढ्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, की दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि वीज प्लगच्या टोकांमधील फट उडी मारून ओलांडते. प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट नावाची एक लहानशी उघडझाप करणारी जोडी करते. तिच्या तोंडांवर काळसर थर चढला होता. प्रवाह वाहतच नव्हता, मग तोडणार काय? बारीक पॉलिश पेपरने तोंडे घासून स्वच्छ केली, पोलादी पात्यांच्या मापाने उघडझापीतील अंतर मिलिमीटरच्या चार दशांशांइतके बसविले आणि किक मारली. निळी ठिणगी कडाडली. मुलगा आनंदाने ओरडला. मुलीने वहीत तारीख टाकली.

पेट्रोलचे काम किळसवाणे निघाले. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट गाळ राहतो. टाकीत गंज होता. तिच्यात थोडे डिझेल आणि मूठभर नट घालून ती दोघांनी पाळण्यासारखी हलविली, तेव्हा तांबूस पाणी निघावे तसा गंज निघाला. रबरी नळ्या चिरल्या होत्या, त्या नव्या घातल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. कार्बोरेटर उघडला, तर त्यातील जेट बुजलेला. जेट म्हणजे सुईच्या अग्राएवढे छिद्र असलेला पितळी तुकडा. इंजिनाला किती पेट्रोल मिळावे हे तो ठरवितो. मुलाने खिळा शोधला, पण वडिलांनी तो काढून घेतला. पितळ मऊ असते. पोलादाने छिद्र मोठे झाले, तर माप कायमचे बिघडते. सायकलच्या पंपाने हवा मारून आणि तांब्याच्या तारेचा एकच पदर आत घालून ते छिद्र मोकळे केले.

याच तऱ्हेची अडचण 1888 मध्ये जर्मनीत एका आईपुढे उभी राहिली होती. तिचे नाव बेर्टा बेंझ. तिच्या पतीने, कार्ल बेंझने, तीन चाकांची मोटारगाडी तयार केली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. ऑगस्टमधील एका पहाटे बेर्टाने पतीला न कळविता ती गाडी बाहेर काढली आणि पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिचर्ड या आपल्या मुलांना घेऊन मानहाइमहून आपल्या माहेरी, फॉर्झहाइमला, ती निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली. ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले, ते औषधांच्या दुकानातून विकत घेतले, कारण पेट्रोलपंप ही वस्तूच तेव्हा जगात नव्हती. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी तिघेही मुक्कामी पोहोचली. मोटारीतून केलेला पहिला लांबचा प्रवास तो हाच. त्यात यंत्राइतकेच त्या दोन मुलांच्या खांद्यांनीही काम केले, हे सहसा कोणी सांगत नाही.

नांदगावच्या छपरीत आता दाब होता, ठिणगी होती, पेट्रोल होते. तथापि मुलाला धीर धरवेना. सकाळी वडील वावरात गेलेले असताना त्याने पॉइंटचे अंतर बदलले आणि त्याच वेळी कार्बोरेटरचा हवेचा स्क्रूही फिरविला. संध्याकाळी वडिलांनी किक मारली, तेव्हा इंजिन तीनदा बोलले आणि गप्प झाले. आबाजींनी विचारले, “तीनदा बोललं, ते कशानं? आणि गप्प झालं, ते कशानं?” मुलाला उत्तर देता येईना. दोन फरक एकदम केल्यामुळे कोणता हितकर आणि कोणता अपायकारक, हे कळण्यास मार्गच उरला नव्हता. दोन्ही गोष्टी वहीतील मापावर परत आणल्या आणि एकेक करून बदलल्या. तिसऱ्या दिवशी राजदूत धडाडली. छपरीतील चिमण्या उडाल्या. आबाजी खाटेवर उठून बसले होते.

येथेच काम संपावयाचे, पण तसे झाले नाही.

घरामागेच त्यांचे वावर होते. बांधाला वऱ्हाडात धुरा म्हणतात. त्या धुऱ्यालगतच्या वाटेने वावराला एक फेरा घातला, की अर्धा किलोमीटर होई. वडील गाडी चालवीत आणि मुले दर फेऱ्याला एक चिंचोका बाजूला टाकीत. टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल असताना वीस चिंचोके झाले तरी गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि सातव्या फेऱ्याला इंजिन घुटमळून बंद पडले. पाऊण तासाने ते एका किकेत सुरू झाले आणि पुन्हा काही फेऱ्यांनी थांबले. उन्हात गाडी ढकलीत घरी आणावी लागली.

शेजाऱ्यांनी कॉइलवर बोट ठेवले. तो तर्क काही वेडगळ नव्हता. जुनी कॉइल तापली म्हणजे कधी कधी ठिणगी देईनाशी होते आणि थंड झाली म्हणजे पुन्हा देते. लक्षणे हुबेहूब जुळत होती. नव्या कॉइलला पैसे लागणार होते, आणि मृगाला आता आठच दिवस उरले होते. भंगारवाला एकदा गल्लीतून चौकशी करून गेलाही.

मुलगी मात्र वही उघडून बसली. पेट्रोल कमी होते तेव्हा गाडी धावली. पुष्कळ होते तेव्हा अडली. हे उलटेच! कॉइल तापण्याचा आणि टाकी भरलेली असण्याचा संबंध काय? दुपारी स्वयंपाकघरात आई तेलाचा नवा डबा उघडीत होती. तिने एका कोपऱ्याला भोक पाडले आणि डबा कलता केला. तेल गडगड करीत थबकत थबकत पडू लागले. आईने समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडले, आणि तेलाची धार अखंड लागली. मुलगी तशीच धावत छपरीत गेली.

टाकीतून पेट्रोल खाली येते ते आपल्या वजनाने. जेवढे पेट्रोल खाली जाते, तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते बुजले, तर आतली कोंडलेली हवा विरळ होत जाते, बाहेरच्या हवेचा दाब वरचढ होतो आणि पेट्रोलची धार आटते. टाकी रिकामी असेल तर आत हवेचा साठा मोठा असतो. थोडे पेट्रोल गेल्याने तो फारसा विरळ होत नाही. टाकी काठोकाठ असेल तर हवा ओंजळभर, आणि ती लवकर विरळ होते. गाडी उभी राहिली, की झाकणाच्या कडेने हवा हळूहळू आत झिरपते आणि इंजिन पुन्हा चालू होते. वहीतील प्रत्येक नोंद या तर्काशी जुळत होती.

परंतु तर्क पडताळून पाहावयास हवा होता. वडिलांनी टाकी पुन्हा भरली आणि धुऱ्याने फेरे सुरू केले. आठव्या चिंचोक्याला इंजिन थांबले. इंजिन निवून टाकी थंड होईतो थांबावे, तर पुरावाच नाहीसा झाला असता. म्हणून हातातील फडके आवळून वडिलांनी त्याच जागी झाकण सैल केले. सूं करून हवा आत शिरली. एक किक, आणि राजदूत चालू झाली. कॉइल तर अजून तापलेलीच होती.

झाकण उलटे करून पाहिले, तेव्हा कधीकाळी लावलेल्या रंगाचा थर आणि त्यावर बसलेली काळी माती यांनी ते छिद्र पार बुजलेले दिसले. तारेच्या एका पदराने ते मोकळे झाले. खर्च काही आला नाही.

उरलेले काम कंटाळवाणे पण अत्यावश्यक होते. ब्रेकचे घासलेले पट्टे बदलले, क्लच आणि ब्रेक यांच्या तारांना तेल दिले, चिरा पडलेले टायर टाकून दिले. साखळी साफ करताना इंजिन बंदच ठेवले. चालत्या साखळीत आणि चक्रीत सापडलेले बोट सहसा शाबूत सुटत नाही. मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. म्हणून गाडी मालवाहू टेम्पोत चढवून अमरावतीच्या परिवहन कार्यालयात तपासणीला नेली. मुलाला ती चालवावीशी वाटत होती, यात नवल नाही. परंतु गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही, आणि धुऱ्यावरच्या फेऱ्यांतही वडिलांनी त्याला हँडल दिले नाही. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. राजदूतने आपला संसार जुन्या रस्त्यांवरच करावयाचा.

मृगाच्या दिवशी भंगारवाला आला, तेव्हा छपरीत गाडीच्या जागी तेलाचा एक काळा डाग तेवढा होता. वडील हेल्मेट घालून बियाणे आणावयास गेले होते. आबाजी दाराशी बसले होते. गाडी देवळाच्या बाजूला वळली, हे त्यांनी आवाजावरून ओळखले आणि मुलांना सांगितले. वहीच्या शेवटच्या पानावर मुलीने लिहिले होते: “झाकणाचे छिद्र. दर दिवाळीला पाहणे.”